साप चावला नव्हता

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मला तीन तास मारले. आधी गालांवर, मग कानांखाली, मग हात पोचेल तिथे. तेव्हा मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि तो सत्तावन्न. आमच्या गावाजवळच्या सडकेपासून चंद्रपूरच्या दवाखान्याच्या दारापर्यंत त्याचा हात थांबला नाही. उजवा थकला की डावा चाले. मारताना तो रडत होता, आणि मधून मधून माझ्या तोंडात कडुनिंबाचा पाला कोंबत होता.

त्या गोष्टीला आता दोन वर्षे होत आली. मी जिवंत आहे. डावा पाय मांडीपासून नाही आणि पोटातली गाठही नाही. ज्यांच्या घरी माझ्या वयाचे, कर्करोग झालेले माणूस आहे त्यांनी वाचावे म्हणून हे लिहितो. डॉक्टरी पुस्तकातले मला काही सांगता येणार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. अंगावर जे आले तेवढे क्रमाने सांगतो. चूक जिथे माझी आहे तिथे माझी म्हणूनच सांगतो.

नागपूरचा कागद

आमचे गाव सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. मी आणि माझा हा धाकटा भाऊ देवाजी दोघेही शाळेत जात होतो, पण वडील गेल्यावर दोघांतला एकच शिकू शकणार होता. देवाजी चौथीत होता. त्याने पाटी आणून माझ्या पुढ्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालाने कामाला राहिला, ढोरांमागे. त्याच्या मेहनतीवर मी मॅट्रिक झालो, नागपूरला वसतिगृहात राहून बी. ए. झालो. पदवीचा कागद मी पहिल्यांदा त्याच्याच हातात दिला. त्याने तो उलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "चांगला जाड हाय."

निवृत्त झाल्यावर मी गावातच राहिलो. त्या वर्षी पावसाळा सरता सरता मला शौचावाटे रक्त जाऊ लागले. अंगातली ताकद गेली. पेन्शनच्या कामाला जातो असे सांगून मी एकटाच नागपूरला गेलो. तिथे तीन दिवस तपासण्या झाल्या. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवले.

"गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात म्हणून स्पष्ट सांगतो. मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ आहे. लवकर काढायला हवी. घरच्यांना घेऊन या."

आज सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला थोडा अभिमान वाटला. मला शिकलेला समजून त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले याचा. परतीच्या वाटेवर भिवापूर येईपर्यंत तो अभिमान टिकला. पुढे एसटीच्या खिडकीपाशी मी खांद्यावरचे उपरणे अंगाभोवती आवळून घेतले, आणि शेजारी बसलेल्या बाईने विचारले, "बाबा, थंडी वाजून राह्यली का?"

घरी बायकोने विचारले, "काय म्हने डॉक्टर?" पेन्शनच्या नावाखाली मी कुठे गेलो होतो ते तिने ओळखलेच होते.

"आतड्याला सूज आहे. गोळ्या दिल्या."

तपासणीचा कागद मी इंग्रजी शब्दकोशात ठेवला, कारण आमच्या घरात तो उघडणारा मी एकटा.

आमच्याकडे कॅन्सर म्हटला की माणूस जिवंतपणीच भिंतीवरचा फोटो होतो. लोक हळू आवाजात बोलू लागतात. देवाजी तर कापणी टाकून मला घेऊन धावला असता. धान घरी येऊ दे, मग सांगू, असे मी ठरवले. हे मी स्वतःला दिलेले कारण. खरे कारण इतकेच की मी भ्यालो. रोज संध्याकाळी आम्ही पंचशील म्हणत असू. खोटे न बोलण्याच्या ओळीवर माझा आवाज खाली जाई, आणि बायको म्हणे, "घसा बसला का तुमचा?"

धुऱ्यावर

कापणी अर्ध्यावर आली होती. त्या दिवशी पहाटेपासून मला कुडकुड होती, पण मी शेतात गेलो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून कापणाऱ्यांकडे पाहत होतो. ऊन चांगले वर आले तेव्हा डाव्या पोटरीत कळ आली. कुठे मार लागला नव्हता. आतून कोणी पकडीने मांस धरावे आणि पिळावे अशी ती कळ होती. मी उठायला गेलो आणि तोंडावर पडलो.

देवाजी हातात विळा घेऊनच धावत आला. त्याने माझे धोतर वर केले. पोटरी दुप्पट झाली होती, कातडी ताणून चकाकत होती, रंग तांब्यासारखा. मधोमध एक जांभळा डाग होता आणि पाहता पाहता तो पसरत होता. घोट्याजवळ दोन ठिपके होते. दोन दिवसांपूर्वी बोराटीचा काटा लागला होता त्याचे.

देवाजी ठिपक्यांकडे पाहत म्हणाला, "परड."

घोणस सापाला आमच्याकडे परड म्हणतात. कापणीत ती भाऱ्यांखाली सापडते. असा सुजलेला, काळा पडत चाललेला पाय आमच्या गावातल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी पाहिलेला आहे. त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

"साप नाई," मी म्हणालो. "मी पाह्यलाच नाई."

"झोंबली तवा दिसली नसन," एक कापणारीण म्हणाली. "त्याईले भरम होऊन राह्यला. इख चढलं का मानूस असाच बोलते."

आता यातला माझा वाटा सांगतो. मी नवा मास्तर असताना वर्गातल्या एका मुलाच्या बहिणीला साप चावला. तिला गावाबाहेरच्या पुजाऱ्यापुढे दिवसभर बसवून ठेवले आणि ती तिथेच गेली. तेव्हापासून तीस वर्षे मी दर पावसाळ्यात प्रत्येक वर्गाकडून चार वाक्ये पाठ करून घेतली. पुजाऱ्याकडे नेऊ नका. चावल्याच्या वर घट्ट बांधा. झोपू देऊ नका. सरळ दवाखाना. शाळेत न गेलेल्यांनाही ती पाठ होती, कारण पोरे ती ओरडत घरी जात. घट्ट बांधणे हेही चूकच, असे मला पुढे चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितले. मला तेव्हा ते माहीत नव्हते.

देवाजीने माझाच धडा माझ्यावर चालवला. बैलाचा कासरा आणून गुडघ्याच्या वर दोन वेढे घातले. मग त्यात विळ्याची मूठ घालून पिरगळले. मी किंचाळलो. चार माणसांनी मला दाबून धरले होते. त्यातले तिघे माझे विद्यार्थी.

"गुरुजी, तुमीच सांगतलं होतं, घट्ट बांधा," त्यातला एक म्हणाला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होते.

डोळे मिटले की मार

मला बैलबंडीत घालून सडकेवर आणले. बांबूचा ट्रक येत होता. देवाजी दोन्ही हात पसरून सडकेच्या मधोमध उभा राहिला. ड्रायव्हरने शिवी दिली, मग माझ्याकडे पाहिले आणि दार उघडले. मला क्लीनरच्या जागेवर आडवे केले. शेतातून बरोबर आलेल्या बायकोने पाय मांडीवर घेतला. देवाजीने माझे डोके आपल्या काखेत धरले.

थोड्याच वेळात मला अशी थंडी भरली की दात आपटून जिभेचा लचका निघाला. तोंडातून रक्त आले. ते पाहून देवाजीला वाटले विष चढले. माझे डोळे मिटू लागले, आणि पहिली चपराक बसली.

"झोपू नोको. डोळे उघड. ए भाऊ, डोळे उघड."

आयुष्यात तो मला कधी 'तू' म्हणाला नव्हता. लहानपणीसुद्धा नाही. मी डोळे उघडले. त्याने वाटेत खुडून घेतलेला निंबाचा पाला चुरगळून तोंडात घातला.

"चाव. कडू लागते का?"

"कडू," मी म्हणालो.

"कडू म्हनते," तो बायकोला म्हणाला. "अजून डोक्यात नाई गेलं."

विष चढलेल्याला निंब कडू लागत नाही, हे आमच्याकडचे जुने माप. मला तो पाला पहिल्यापासून कडूच लागत होता, कारण साप चावलाच नव्हता. पण त्याचा अर्थ कोणी तसा लावला नाही. दर मैलाला पाला, दर मैलाला 'कडू', आणि डोळे मिटले की मार. माझा खालचा ओठ फुटला. एका कानात शिट्टी वाजू लागली ती पुढे कितीतरी दिवस वाजत होती. पायात तर मांस शिजत असावे असे वाटत होते. वाटेतल्या एका आरोग्य केंद्रात सापाची लस नव्हती. ड्रायव्हरने खाली उतरून विचारले, परत चढला आणि म्हणाला, "मारते रहो भैया, सोने मत देना."

मला सांगायचे होते. त्या केबिनमध्ये मला माझ्या बायकोला आणि भावाला शब्दकोशातला कागद सांगायचा होता. दोनदा तोंड उघडले, दोन्ही वेळा त्यात पाला गेला. पण खरे सांगायचे तर पाला थुंकून बोलता आले असते. मी बोललो नाही.

कुरकुर

चंद्रपूरच्या दवाखान्यात मला स्ट्रेचरवर घेतले तेव्हा जांभळा रंग कासऱ्याच्या वर, मांडीवर आला होता. पोटरीवर लिंबाएवढे काळे फोड उठले होते. रक्त लागेल म्हणून देवाजीला कोणीतरी रक्त द्यायला वरच्या मजल्यावर नेले.

सर्जन तरुण होता. त्याने बायकोला विचारले, "आधी काही आजार? मोठा?"

"काई नाई जी. कधी डोकं दुखलं नाई त्याईचं. आतड्याले सूज होती, गोळ्या चालू हायेत."

त्याने माझ्या मांडीवर दोन बोटे ठेवून दाबले. सुक्या पानावर पाय पडावा तसा कुरकुर आवाज आला. मी ऐकला, बायकोने ऐकला. माझ्याच मांसातला आवाज. त्याने पुन्हा दाबले, कान जवळ नेला आणि उभा राहिला.

"हा साप नाही," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाजवळ वाकून त्याने विचारले, "बाबा, आतड्याला सूज कोणी सांगितली?"

तेव्हा मी बोललो. "कर्करोग आहे. मोठ्या आतड्यात. नागपूरला तपासलं. दिवाळीच्या आधी."

बायको माझा हात धरून उभी होती. तिने तो सोडला.

डॉक्टरांनी पोटरीला जागेवरच एक चीर दिली. रक्त आले नाही. बुडबुडे आले आणि असा वास आला की स्ट्रेचर धरणारा माणूस मागे सरला. पुढे बरा झाल्यावर त्यांनी मला समजावले. काही जंतू हवेत मरतात आणि हवा नसते तिथे वाढतात. ते आतड्यात असतात, त्रास देत नाहीत. गाठीमुळे आतड्याचे अस्तर फाटले की त्यांना रक्तात शिरायला वाट मिळते. रक्तातून ते लांब कुठेतरी मांसात जाऊन बसतात, तिथे वायू करतात आणि मांस कुजवत वर चढतात. हा आजार फार थोड्यांना होतो, पण ज्यांना होतो त्यांच्यात वय झालेली, आतड्याचा किंवा रक्ताचा कर्करोग असलेली माणसे पुष्कळ. हातात काही तासच असतात. म्हणून सांगतो, अशा माणसाला विनाकारण एका जागी भयंकर कळ आली, सूज आली, कातडीचा रंग बदलला, तर सकाळची वाट पाहू नका. आणि दवाखान्यात पहिले वाक्य कर्करोगाचे बोला.

त्या दिवशी मात्र ते एवढेच म्हणाले, "पाय आत्ता काढावा लागेल. तासभर थांबलो तर कमरेपर्यंत जाईल. मग काही काढता येणार नाही."

संमतीचा कागद बायकोपुढे ठेवला. लग्नानंतर पहिल्या वर्षी मीच तिला पाटीवर सही शिकवली होती. तीन वर्षे ती रोज गिरवायची. त्याच वळणदार अक्षरात तिने माझा पाय कापायला सही दिली. हात हलला नाही तिचा.

आरडाओरड

भुलीतून उठलो ते पूर्ण उठलो नाही. चार दिवस मी वेडा होतो असे सांगतात. मला आठवते ते तुटक. पंख्याला साप गुंडाळलेले होते. नसलेल्या पायाची बोटे कोणीतरी एकेक करून चिमट्याने उपटत होते. सिस्टर सुई घेऊन आली की मला ती विळा घेऊन आल्यासारखी दिसे. मी तिच्या मनगटाला चावलो. दात रुतले, रक्त आले. बरा झाल्यावर मी माफी मागितली तेव्हा तिने खूण दाखवली आणि म्हणाली, "बाबा, माह्या लेकरानं नाई चावलं एवढं." मला पलंगाला बांधले. पट्ट्या तोडायला मी इतका जोर केला की मनगटांची साल निघाली. दर चार तासांनी पेनिसिलिन जात होते, आणि देवाजीच्या अंगातले रक्त थेंब थेंब माझ्या अंगात उतरत होते.

आणि मी ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला पुष्कळ दिवस कोणी सांगितले नाही.

मामा

पाचव्या दिवसापासून ड्रेसिंग मला कळू लागले. मांडीचा खुंट शिवलेला नव्हता, मुद्दाम उघडा ठेवला होता. रोज सकाळी दहाला एक म्हातारा ड्रेसर येई. सगळा वॉर्ड त्याला मामा म्हणे. तो गॉज ओढून काढी तेव्हा त्याच्याबरोबर माझे मांस निघे. मग तो बाटलीतले औषध जखमेत ओती. त्याचा पांढरा फेस खळखळून वर येई आणि मी टॉवेल दातात धरून गुरासारखा हंबरत असे. ते औषध म्हणजे जखमेला हवा पाजणे, असे त्याने सांगितले.

"शिवून काऊन नाई टाकत एकदाची?" मी एकदा रडत विचारले.

"शिवली का आतल्या आत जिते होतीन ते. उघडंच ठेवा लागते, गुरुजी." मग फेस पुसत म्हणाला, "पोरायले छड्या मारल्या असतीन ना नोकरीत?"

"मारल्या."

"मंग समजा, सारे मिळून एकदम परत करून राह्यले."

मी हसलो आणि हसण्याने खुंट आवळला, म्हणून पुन्हा ओरडलो. पण पायावर कुऱ्हाड पडल्यासारखा रोजचा तो अर्धा तास मी त्या माणसाच्या टोमण्यांवर काढला. औषध संपले की तो आपल्या खिशातली बडीशेप माझ्या तळहातावर ठेवी. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

बायको माझी सगळी सेवा करी. भांडे देई, पाठ पुसे, भात भरवी. पण नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दहाव्या दिवशी भात कालवता कालवता म्हणाली, "मी वाचू शकत नाई म्हनून त्या पुस्तकात ठेवला ना कागद?"

मी मान हलवली.

"दिवाळीपासून माह्या हातचं जेवले, अन् मले सांगतलं नाई."

थोड्या वेळाने मी विचारले, "देवाजी काऊन येत नाई?"

तिने ताट खाली ठेवले. "तुमी बरळत होते तवा तो पलंगाजवळच उभा होता. दिवसभर एकच. देव्यानं दोर बांधला, देव्यानं पाय कापला, देव्यानं मारलं मले. साऱ्या वार्डानं ऐकलं. तो भिताडाले टेकून ऐकत राह्यला. दुसऱ्या दिवशी गावाले गेला."

"तू सांगितलं नाही त्याला? कर्करोगाचं?"

"नाई सांगतलं."

"का?"

"तुमच्या तोंडानं ठेवलं होतं झाकून, तुमच्या तोंडानंच सांगा. मी तुमच्यासाठी अजून एक खोटं का खरं, काई बोलनार नाई."

त्या दिवशी राउंडला मी डॉक्टरांना विचारले, दोर बांधला नसता तर पाय वाचला असता का.

ते तक्ता हातात घेऊन म्हणाले, "दोरानं भलं झालं नाही. पण पाय दोरानं गेला नाही, जंतू रक्तातून आले होते. दिवाळीत गाठ काढली असती तर बहुधा हे झालंच नसतं." मग तक्ता अडकवताना म्हणाले, "आणि तुमच्या भावानं साप समजून तीन तासांत आणलं. ताप समजला असता तर पांघरूण घालून ठेवलं असतं. मग मी तुमच्याशी बोलत नसतो."

आमची मुलगी मंदा माजरीला असते, जावई तिथल्या कोळशाच्या खाणीत आहे. जावयाबरोबर मी देवाजीला निरोप पाठवला. तो आला नाही. आठवड्याने पुन्हा पाठवला. निरोप परत आला, धान चुरणं चालू हाय. मळणीचेच दिवस होते ते. माझा खुंट भरत होता. पुढे नागपूरला पोट उघडायचे होते, आणि एकसष्टाव्या वर्षी दुसऱ्यांदा टेबलावरून उठेन की नाही हे कोणी सांगत नव्हते. त्याला न सांगता मेलो तर तो जन्मभर स्वतःला माझ्या पायाचा मारेकरी समजेल. मला दुसरी भीती उरली नव्हती, हीच होती.

देवाजी

तो आला तेव्हा सकाळचे ड्रेसिंग नुकतेच झाले होते. मामा कोपऱ्यात बादली विसळत होता. देवाजी दारात उभा राहिला. अंगावर धानाचा भुसा तसाच, काखेत सागाची एक कुबडी. खांद्याची जागा त्याने सुती धोतराच्या पट्ट्यांनी मढवली होती. ती पलंगाला टेकवून तो खाली फरशीवर बसला, माझ्याकडे न पाहता.

"उंची अंदाजानं घेतली," तो म्हणाला. "लांब झाली त कापून देतो."

"वर बस."

"इथीच ठीक हाय."

"देवाजी, मला साप चावला नव्हता."

"सांगतलं जावयानं. काईतरी जंतू होते म्हने." त्याने फरशीवरचा एक धागा उचलला. "पन दोर त मीच बांधला ना. तुमी नाई नाई म्हनून राह्यले होते. मी तुमचं ऐकलं नाई. मारलं तुमाले."

"ते जंतू माझ्या आतड्यातून आले. आतड्यात कर्करोगाची गाठ आहे. मला दिवाळीच्या आधीच माहीत होतं. डॉक्टरनं लवकर काढायला सांगितली होती. मी कोणाला बोललो नाही. तेव्हाच बोललो असतो तर पाय असता. तुझ्या दोरानं पाय गेला नाही. उलट तू धावला म्हणून मी जिवंत आहे. डॉक्टरांनी सांगितलं."

तो धागा बोटाला गुंडाळत राहिला. मग हळूहळू वर पाहिले.

"दिवाळीच्या आधी?"

"हो."

"ट्रकात होतो तवा माहीत होतं तुमाले?"

"हो."

"मी मारत होतो तवा?"

मी नुसती मान डोलावली. तेवढे उत्तर त्याला पुरले. तो उठला. महिनाभर त्याच्या चेहऱ्यावर काय साचले होते ते मला तेव्हा दिसले. शेजारच्या पलंगावरचा माणूस आमच्याकडे पाहत होता. बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

देवाजीने हात उचलला आणि माझ्या गालावर एक चपराक मारली. ट्रकमधल्या सगळ्या चपराकींपेक्षा ती मोठी होती. मान फिरून उशीवर आपटली. जुना फुटलेला ओठ पुन्हा फुटला.

"अबे, पेशंटले मारतं का गा?" मामा बादली टाकून धावला.

"राहू द्या, मामा," मी म्हणालो.

देवाजी तिथेच उभा होता. "चौथीतून पाटी ठेवली मी," तो म्हणाला. "याच्यासाठी? तू शिकून शहाना झाला, अन् मले ढोरावानी हाकलत नेलं तीन तास? मले?" त्याचा आवाज फाटला. मग तो पलंगाच्या कडेला बसला, माझा उरलेला पाय त्याने मांडीवर घेतला आणि तळव्यापासून वर, धान कापणाऱ्या त्या खरबरीत हातांनी दाबू लागला. बायकोने तांब्या स्टुलावर ठेवला आणि पदराने माझ्या ओठाचे रक्त पुसले.

गाल भाजत होता. ट्रकमध्ये त्याने मला जागे ठेवायला शंभरदा मारले होते आणि मी डोळे मिटत राहिलो होतो. या वेळी मी पूर्ण जागा होतो.